एक पैशाची अब्रू

आमच्या लहानपणी घरात ‘चॉकलेट’ हा शब्द गोळीसाठी होता. रावळगाव, लिमलेट, किसमी, शाळेत वाढदिवसाला वाटतात त्या सगळ्या गोळ्या म्हणजे चॉकलेट. आणि खरं चॉकलेट, जे चपट्या वडीसारखं असतं आणि उन्हाळ्यात खिशात वितळतं, त्याला आम्ही ‘कॅडबरी’ म्हणायचो. दुकानात जाऊन “काका, अमूलची कॅडबरी द्या” असं आम्ही बिनदिक्कत सांगायचो आणि दुकानदार काकांना त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. एका इंग्रज कुटुंबाचं आडनाव आमच्या भाषेत सामान्यनाम होऊन बसलं होतं. हे आडनाव कुणाचं, ती माणसं कोण होती, हा प्रश्न मला तिशीपर्यंत पडला नव्हता.

तो पडला एका कडू तुकड्यामुळे. एक मैत्रीण कोचीहून आली आणि तिने साठ ग्रॅमचा एक बार माझ्यापुढे ठेवला. डार्क चॉकलेट, ७२ टक्के. डार्क चॉकलेटबद्दल माझं मत तोवर पक्कं होतं: डाएट करणाऱ्यांनी स्वतःला द्यायची शिक्षा. मी तुकडा तोंडात टाकून चावायला लागले तशी ती म्हणाली, “अगं, चावू नकोस. जिभेवर ठेव आणि दोन मिनिटं गप्प बस.”

गप्प बसले. आधी नुसता कडवटपणा. मग तो तुकडा कडेने विरघळायला लागला आणि मागून एक आंबट चव आली, आमसुलाच्या जवळची. मग मनुका. मग शेवटी बराच वेळ रेंगाळणारं काहीतरी तुरट, छान भाजलेलं. गिळून झाल्यावरही चव तोंडात होती. इतकी वर्षं मी ज्याला चॉकलेटची चव म्हणत होते ती बहुतेक साखर, दूध आणि व्हॅनिला यांची होती, हे तेव्हा कळलं.

मी कागद उलटून पाहिला. घटक तीनच: कोको बिया, साखर, कोको बटर. खाली जिल्ह्याचं नाव, इडुक्की. आणि त्याखाली एक ओळ, की या बिया शेतकऱ्यांकडून थेट, योग्य भावाने घेतल्या आहेत आणि त्यात बालमजुरी नाही.

चव डोक्यातून जायला संध्याकाळ झाली, पण ती ओळ गेली नाही. तांदळाच्या पिशवीवर कुणी ‘यात बालमजुरी नाही’ असं छापत नाही. मग चॉकलेटलाच आपला प्रामाणिकपणा पाठीवर लिहून का फिरावं लागतं? या प्रश्नाच्या मागे जात जात मी १९०९ सालच्या बर्मिंगहॅमच्या एका कोर्टात जाऊन पोचले. तिथे फिर्यादी होते कॅडबरी बंधू.

बागेतला कारखाना

जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान उघडलं. चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट. कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचं होतं. हा ख्रिश्चनांमधला छोटा पंथ: साधी राहणी, दारूला विरोध, युद्धाला विरोध, आणि धंद्यात एकच भाव. त्या काळी त्यांना इंग्लंडमधली जुनी विद्यापीठं बंद होती, म्हणून बरेच क्वेकर धंद्यात शिरले. दारूला पर्याय म्हणून कोको त्यांना पटण्यासारखाच होता. इंग्लंडमधली चॉकलेटची तिन्ही मोठी घराणी, बर्मिंगहॅमचे कॅडबरी, ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउंट्री, क्वेकर होती, हा काही योगायोग नव्हता.

जॉन यांची मुलं रिचर्ड आणि जॉर्ज यांनी १८६१ साली बुडायला आलेला धंदा हातात घेतला आणि सावरला. १८७९ साली त्यांनी कारखाना शहराच्या धुरातून बाहेर काढून मोकळ्या माळावर नेला आणि त्या जागेचं नाव ठेवलं बोर्नव्हिल. तिथे खेळाची मैदानं होती, पोहण्याचा तलाव होता. शेजारी गाव वसवलं, प्रत्येक घराला बाग आणि गावात एकही दारूचा गुत्ता नाही. पुढे कामगारांना पेन्शनही मिळू लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘एथिकल ब्रँड’ कसा असावा याचं हे पुस्तकी उदाहरण.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धची संघटित चळवळ जिथून उभी राहिली, तिथे क्वेकर सर्वांत पुढे होते. १७८७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. म्हणजे गुलामगिरीला विरोध हा कॅडबरींसाठी घरातून आलेला वारसा होता.

म्हणून पुढची गोष्ट जास्त टोचते.

दोनशे माणसं, किंमत ३,५५५ पौंड

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून आत समुद्रात, विषुववृत्ताला खेटून दोन बेटं आहेत: साओ टोमे आणि प्रिन्सिपे. त्या वेळी ती पोर्तुगालची वसाहत होती. ज्या लिस्बनमधून पणजीचा कारभार चालायचा, तिथूनच या बेटांचाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमधून इथे कोकोची रोपं आली. ज्वालामुखीची माती, भरपूर पाऊस, दमट सावली. झाडं अशी माजली की शतक संपता संपता ही चिमुकली बेटं जगातल्या सर्वांत मोठ्या कोको उत्पादकांमध्ये जाऊन बसली. १९०० च्या सुमारास कॅडबरीला लागणारा जवळपास अर्धा कोको इथून यायचा.

पोर्तुगालने आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी १८७० च्या दशकात कायद्याने संपवली होती. त्यानंतर मळ्यांवर ‘कंत्राटी मजूर’ येऊ लागले. पोर्तुगीजमध्ये त्यांना सेर्व्हिसाइश म्हणत. पाच वर्षांचा करार, ठरलेला पगार, आणि मुदत संपल्यावर परतीचा प्रवास. हे सगळं कागदावर.

१९०१ साली कंपनीतला तरुण भागीदार, रिचर्ड यांचा मुलगा विल्यम कॅडबरी, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेला असताना त्याच्या कानावर आलं की साओ टोमेत गुलाम राबतात. त्याच सुमारास कंपनीच्या हाती एक कागद आला, तिथल्या एका विक्रीला काढलेल्या मळ्याचं माहितीपत्रक. मळ्याच्या मालमत्तेची यादी होती. त्यात गुरांच्या किमतीप्रमाणेच आणखी एक नोंद होती: दोनशे काळे मजूर, किंमत ३,५५५ पौंड.

कंत्राटी मजुराची किंमत मालमत्तेच्या यादीत येत नाही. भागाकार केला तर माणशी अठरा पौंडांना थोडे कमी. विल्यमलाही हा भागाकार जमत असणार. हे साल १९०१. तारीख ध्यानात ठेवा, कारण कॅडबरीने साओ टोमेचा कोको घेणं थांबवलं ते मार्च १९०९ मध्ये.

मधल्या आठ वर्षांत काय झालं? आळस झाला नाही, दुर्लक्षही झालं नाही. पत्रव्यवहार झाला. १९०३ साली विल्यम लिस्बनला गेला. मळेवाल्यांनी आरोप झटकले. म्हणाले, स्वतः येऊन बघा. पोर्तुगीज सरकारने नवीन कामगार कायदा दाखवला. तिथल्या ब्रिटिश राजदूताने सल्ला दिला, कायद्याला वर्षभर वेळ द्या. इंग्लंडच्या परराष्ट्र खात्यालाही घाई नव्हती. ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते, ते पोर्तुगीज मोझांबिकमधून यायचे, आणि पोर्तुगालला दुखवायची सरकारची इच्छा नव्हती. मग कंपनीने ठरवलं, आपला माणूस पाठवू. तो माणूस जोसेफ बर्ट, सज्जन, आदर्शवादी. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, म्हणून त्याला आधी पोर्तो शहरात भाषा शिकायला पाठवलं. तो साओ टोमेला पोचला १९०५ च्या जूनमध्ये.

कोकोची जहाजं या सगळ्या काळात येतच होती.

झाडांवर टांगलेले खोडे

बर्ट साओ टोमेत उतरला तेव्हा तिथे आणखी एक इंग्रज होता. हेन्री नेव्हिन्सन, पत्रकार. त्याला कुठल्या कंपनीने पाठवलं नव्हतं. अमेरिकेतल्या ‘हार्पर्स’ मासिकाने पाठवलं होतं. आणि तो उलट्या दिशेने आला होता. बर्टने सुरुवात बेटावरच्या मळ्यांपासून केली, जिथे मालक पाहुण्यांना दवाखाने आणि झोपड्यांच्या स्वच्छ रांगा दाखवत. नेव्हिन्सनने सुरुवात अंगोलाच्या आतल्या भागातून केली, जिथून ही माणसं आणली जात होती.

तिथल्या वाटेवर त्याला झाडांवर टांगलेले लाकडी खोडे दिसले. माणसांना आतून किनाऱ्याकडे चालवत आणताना पळून जाऊ नये म्हणून हातापायांत घातलेले. किनारा जवळ आला, आता पळायला जागा नाही, की ते काढून झाडाला लटकवायचे. पुढच्या खेपेला कामाला यायचे. वाटेच्या कडेला चालता न आलेल्यांची हाडं पडलेली. किनाऱ्यावर पोचलेल्यांना सरकारी अधिकाऱ्यापुढे उभं करायचे. तो विचारायचा, स्वखुशीने जायला तयार आहात ना? उत्तर काहीही येवो, करार व्हायचा. मग गळ्यात पत्र्याचा बिल्ला आणि कराराचा कागद घातलेली पत्र्याची नळी. आणि बोट. दरवर्षी काही हजार माणसं. पाच वर्षं संपली की करार आपोआप पुन्हा सुरू. अंगोलाला परत आलेलं माणूस शोधूनही सापडत नव्हतं.

नेव्हिन्सनची लेखमाला १९०५ च्या ऑगस्टपासून छापून येऊ लागली. १९०६ मध्ये तिचं पुस्तक झालं, ‘अ मॉडर्न स्लेव्हरी’. बर्टला मात्र अजून अंगोला बघायचा होता, मग मोझांबिक, मग दक्षिण आफ्रिका. सुरुवातीला नेव्हिन्सनला तो भाबडा वाटला. पण अंगोला बघितल्यावर बर्टचंही मत तेच झालं: करार हा नुसता शब्द आहे, ही गुलामगिरीच आहे. तो परतला १९०७ मध्ये. मग अहवाल परराष्ट्र खात्याकडे गेला. तिथे त्यातले कडक शब्द मवाळ करण्यावर खल झाला. मग भाषांतर. मग लिस्बनला मळेवाल्यांपुढे वाचन. या नेव्हिन्सनने दोन वर्षांत जे लिहून टाकलं, ते कंपनीच्या मुखातून बाहेर यायला आणखी दोन वर्षं लागली.

इथे वाचताना मी थबकले, कारण नेव्हिन्सन हे नाव मी आधी ऐकलं होतं. डिसेंबर १९०७, सुरतचं काँग्रेस अधिवेशन. जहाल आणि मवाळ हातघाईवर आले आणि मंडपात एक जोडा उडाला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. तो टोकदार, लाल चामड्याचा मराठी जोडा होता, हे आपल्याला इतकं तपशिलात ठाऊक आहे ते तिथे हजर असलेल्या एका इंग्रज वार्ताहरामुळे. तोच हा नेव्हिन्सन. अंगोलाहून परतल्यावर त्याला हिंदुस्थानात पाठवलं गेलं. पुण्यात येऊन तो गोखल्यांना भेटला, टिळकांना भेटला, आणि त्यावर त्याने ‘द न्यू स्पिरिट इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. ज्या नजरेला खोडे दिसले होते, तिलाच तो जोडाही दिसला होता.

कार्सनचा प्रश्न

१९०५ साली कॅडबरीने डेअरी मिल्क आणली. १९०८ साली बोर्नव्हिल हे साधं, म्हणजे डार्क, चॉकलेट आणलं. आजही आपल्या किराणा दुकानात हे दोन्ही बार शेजारी शेजारी असतात. दोन्ही जन्मले तेव्हा साओ टोमेचा कोको कारखान्यात येत होता.

त्याच १९०८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या ‘स्टँडर्ड’ दैनिकाने अग्रलेख लिहिला. विल्यम कॅडबरी आता स्वतः आफ्रिकेला निघाला होता. ‘स्टँडर्ड’ने विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात? बोर्नव्हिलच्या कामगारांसाठी तलाव आणि बागा, आणि ज्यांच्या हातून कोको येतो त्यांच्याकडे पाठ?

याला राजकारणाचीही फोडणी होती. ‘स्टँडर्ड’ हुजूरपक्षाचं पत्र. जॉर्ज कॅडबरी ‘डेली न्यूज’ या उदारमतवादी दैनिकाचे मालक. त्या पत्राने दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतल्या चिनी मजुरांच्या हालांवरून हुजूरपक्षाला धारेवर धरलं होतं, आणि १९०६ च्या निवडणुकीत तो पक्ष आपटला होता. आता उट्टं काढायची संधी होती. पण टीका करणाऱ्याचा हेतू वाईट आहे म्हणून टीका खोटी ठरत नाही. कॅडबरी बंधूंनी अब्रुनुकसानीचा दावा लावला.

२९ नोव्हेंबर १९०९ रोजी बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे कॅडबरींच्या स्वतःच्या गावात, सुनावणी सुरू झाली. त्यांचे वकील होते रूफस आयझॅक्स. बारा वर्षांनी हेच लॉर्ड रीडिंग या नावाने हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा झाली ती त्यांच्या कारकिर्दीत. ‘स्टँडर्ड’कडून उभे होते एडवर्ड कार्सन, ज्यांनी ऑस्कर वाइल्डला उलटतपासणीत उघडं पाडलं होतं.

कॅडबरींची बाजू अशी: आम्ही खरेदी थांबवली असती तर आमचा दबाव संपला असता. गिऱ्हाईक म्हणून आमच्या शब्दाला वजन होतं, म्हणून आम्ही गिऱ्हाईक राहिलो. सरकारनेच धीर धरायला सांगितलं. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आजही मोठ्या कंपन्या तोच करतात आणि काही वेळा तो खराही असतो.

कार्सननी तारखा मांडल्या. १९०१ मध्ये कळलं ना? हो. १९०९ पर्यंत घेत राहिलात ना? हो. या काळात कंपनीने साओ टोमेचा १३ लाख पौंडांहून अधिक किमतीचा कोको विकत घेतला होता. मग त्यांनी विल्यमला विचारलं, १९०१ ते १९०८ या वर्षांत तुमचा कोको तयार करताना किती गुलाम मेले, याचा काही अंदाज तुम्ही बांधला आहे का?

विल्यमकडे एकच उत्तर होतं. नाही.

६ डिसेंबरला ज्युरी उठले आणि तासाभराच्या आत परतले. निकाल कॅडबरींच्या बाजूने. त्यांची बदनामी झाली आहे, प्रतिवादीने दाव्याचा खर्च द्यावा. आणि नुकसानभरपाई? एक फार्दिंग.

फार्दिंग म्हणजे पाव पेनी, इंग्लंडमधलं सर्वांत लहान चलनी नाणं. त्या काळी रुपयाचा भाव १६ पेन्स होता, म्हणजे एक आणा म्हणजे एक पेनी, आणि एक फार्दिंग म्हणजे बरोब्बर आपला एक पैसा. कॅडबरी खोटं बोलत नव्हते, हे ज्युरीने मान्य केलं. त्यांच्या अब्रूची किंमत मात्र एक पैसा लावली.

मला या निकालाचं कौतुक वाटतं. त्या बारा माणसांनी विल्यम कॅडबरीला खलनायक केलं नाही. तो नव्हताच. खटला सुरू होण्याआधीच, १९०८-०९ मध्ये, तो अंगोला आणि साओ टोमेला जाऊन आला होता. परतल्यावर कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री तिघांनी मिळून बहिष्कार जाहीर केला. बर्टला अमेरिकेला पाठवलं, तिथल्या कंपन्यांनीही थांबावं म्हणून. त्या थांबल्या नाहीत. पुढच्या दशकात मजुरांना अंगोलाला परत पाठवणं खऱ्या अर्थाने सुरू झालं, त्यात या गाजावाज्याचा वाटा होता. चांगल्या माणसांनी शेवटी चांगलं काम केलं. फक्त कळणं आणि थांबणं यांत आठ वर्षं गेली, आणि त्या आठ वर्षांचा हिशेब दुसऱ्यांनी चुकवला.

पाठीवरची ओळ

बहिष्कारानंतर कॅडबरी गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळले. तिथे मळे नव्हते, छोटे आफ्रिकी शेतकरी होते. टेटे क्वाशी नावाचा एक माणूस फर्नांडो पो बेटावर मजुरी करून परतताना कोकोच्या बिया घेऊन आला होता, आणि १८७९ च्या सुमारास त्याने त्या आपल्या भागात लावल्या, ही तिथे शाळेत शिकवली जाणारी गोष्ट. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट कोकोत जगात पहिला झाला.

गोष्ट इथे सुखाने संपायला हरकत नव्हती. पण भाव ठरवणारे हात तेच राहिले. १९३७ साली युरोपीय खरेदीदार कंपन्यांनी आपसात करार करून भाव पाडला. त्या गटात कॅडबरीही होती. शेतकऱ्यांनी कोको विकायचंच बंद केलं आणि परदेशी मालावर बहिष्कार टाकला. आपल्या स्वदेशीची आठवण यावी असा हा संप १९३८ च्या एप्रिलपर्यंत चालला.

मग काळ पुढे सरकला, बेड्यांची जागा गरिबीने घेतली. आज जगातला अर्ध्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २००० च्या सुमारास तिथल्या शेतांवर राबणाऱ्या मुलांच्या बातम्या आल्या. २००१ मध्ये मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेत एका करारावर सह्या केल्या: २००५ पर्यंत बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवायच्या दिशेने पावलं टाकू. २००५ ची मुदत २००८ झाली, मग २०१०, मग २०२०. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या अहवालात त्या दोन देशांतल्या कोकोत राबणाऱ्या मुलांची संख्या आली १५ लाख ६० हजार.

पत्रव्यवहार, पाहणी, मुदतवाढ. विल्यम कॅडबरीला हे शब्द ओळखीचे वाटले असते.

दरम्यान पाठीवरची ती ओळ जन्माला आली. ब्रिटनमध्ये ‘फेअरट्रेड’ चिन्ह मिळालेली पहिली वस्तू १९९४ साली बाजारात आली. ते एक डार्क चॉकलेटच होतं: ग्रीन अँड ब्लॅक्सचं ‘माया गोल्ड’, बेलीझमधल्या माया शेतकऱ्यांच्या कोकोचं. कल्पना साधी: बाजार कोसळला तरी एक किमान भाव, आणि त्यावर शेतकऱ्यांच्या संघटनेला ठरावीक जादा रक्कम. २००५ मध्ये ही कंपनी कॅडबरीने विकत घेतली. २००९ मध्ये, बहिष्काराला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, ब्रिटनमधल्या डेअरी मिल्कवर फेअरट्रेडचं चिन्ह आलं. पुढच्याच वर्षी क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली, आणि २०१६ मध्ये ते चिन्ह जाऊन कंपनीची स्वतःची योजना आली. चिन्ह येतं आणि जातं. म्हणून मी आता चिन्हापाशी थांबत नाही.

मग काय बघते? कोको कुठल्या भागातला, हे लिहिलंय का. कुणाकडून घेतला, हे विचारलं तर सांगतात का. घटकांत कोको बटर आहे की ‘व्हेजिटेबल फॅट’. टक्क्यांवर मी जात नाही. ७२ टक्के म्हणजे एवढा भाग कोकोतून आलेला, बाकी बहुतेक साखर. बियांचा दर्जा त्यातून कळत नाही. दर्जा ठरतो शेतावर. फळ फोडल्यावर बिया पांढऱ्या, लिचीसारख्या गोडसर गरात गुंडाळलेल्या निघतात. त्या पेटीत किंवा केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवाव्या लागतात, मध्ये हलवाव्या लागतात, मग सावकाश वाळवायच्या. हे नीट झालं नाही, तर पुढे कितीही भाजा, चॉकलेटची चव येतच नाही. हे काम करणाऱ्याला घाई असेल, देणं थकलेलं असेल, ओल्या बिया मिळेल त्या भावाने विकायच्या असतील, तर ते काम होत नाही. दूध-साखरेच्या बारमध्ये ही कसर झाकून जाते. डार्कमध्ये तिला झाकायला काही नसतं. मला तेव्हा जिभेवर आलेली आमसुलासारखी आंबट चव कुणीतरी इडुक्कीत सहा दिवस थांबल्याची होती.

आपल्याकडे हे सोपं होत चाललंय. १९६० च्या दशकात कॅडबरीनेच वायनाडमध्ये कोकोच्या लागवडीला सुरुवात करून दिली. आज केरळात आणि आंध्रच्या नारळीच्या बागांत कोको चांगला रुजलाय, आणि म्हैसूर, ऑरोविल, कोची, हैदराबाद अशा ठिकाणी बीपासून बारपर्यंत सगळं स्वतः करणारी मंडळी आहेत. खरेदीदार मोटारसायकलवर बसून शेतावर जाऊ शकतो. अंतर कमी झालं म्हणजे प्रामाणिकपणा आपोआप येतो असं नाही, पण विचारायला जावं तर जाता येतं. आणि हो, हा बार महाग असतो. साध्या बारच्या तीन-चार पट. म्हणून मी तो महिन्यातून एकदा आणते आणि रात्री जेवणानंतर एक तुकडा खाते. दोन मिनिटं गप्प बसून.

शेवटी एक कबुली. आयव्हरी कोस्टमधल्या मुलांबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात असताना. लेख वाचला, वाईट वाटलं, मैत्रिणींना पाठवला. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला मोठा बार आणला. ती कोचीची मैत्रीण भेटेपर्यंत आणतच राहिले. परवा मी मोजून पाहिलं. मधली वर्षं नऊ भरली.

विल्यम कॅडबरीला आठ लागली होती.